पिरनवाडी फाट्यावरून सायकलने

गेल्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाच्या घरी पुण्याहून आलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, इथे सायकल कुठे चालवायची?" गाडीच्या टपावर बांधून आणलेली त्याची सायकल तुळशीपाशी उभी होती. आजोबांनी सवयीने फाट्याकडे हात केला आणि तसाच खाली घेतला. त्या फाट्यावर आम्ही सगळे सायकल शिकलो. आज तिथे दहा वर्षांच्या पोराला सोडायचे म्हटले तर घरातल्या बायकांनी आमचे कान उपटले असते, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

पिरनवाडीचा फाटा आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. बेळगावहून खानापूर रस्त्याने उद्यमबाग मागे टाकली की गाव येते. इथून एक वाट सरळ मच्छे, खानापूर, लोंढ्याकडे जाते. दुसरी किणये, जांबोटीवरून कणकुंबीला, म्हणजे मलप्रभेच्या उगमापाशी, आणि पुढे चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. फाट्याच्या एका अंगाला तांबडी जांभ्याची माती आणि रताळ्यांचे माळ, दुसऱ्या अंगाला येळ्ळूर, अनगोळ, वडगावकडची काळी भातशेती. सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: पश्चिमेला चढ, पूर्वेला सपाटी. हे ज्ञान आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून मिळाले नाही, मांड्यांतून मिळाले.

त्या नातवाच्या प्रश्नावरून मंडळाच्या बैठकीत बोलणे निघाले आणि सायकलीचा विषय स्मरणिकेसाठी आम्ही अंगावर घेतला. शोधायला बसलो तर पहिला धागा आपल्याच गावात सापडला.

सायकल बेळगावात आणून विकण्याचा धंदा किर्लोस्कर बंधूंनी केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. थोरले बंधू रामुअण्णा बेळगावात होते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या विकायच्या, असे दोघांचे ठरले. किर्लोस्कर समूह आपला आरंभ या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून मोजतो. पुढे पंप, इंजिने, यंत्रे यांच्यामुळे जगभर गेलेले नाव पहिल्यांदा सायकलीच्या दुकानावर लागले, हे आपल्या मुलांना माहीत नसते. किर्लोस्कर रोडवर खरेदीला मात्र ती दर आठवड्याला जातात.

त्या काळी एक सायकल सातशे ते हजार रुपयांना पडे. सामान्य घराने नुसती पाहावी, अशी ती किंमत. पण आम्हाला त्या हिशेबातली दुसरी रक्कम जास्त मोलाची वाटली. रामुअण्णा गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवत आणि त्याचे पंधरा रुपये घेत. हजार रुपयांची वस्तू घेणारा माणूस प्रतिष्ठित असणार, सरकारी अंमलदार असणार, वकील असणार. असा पगडी-उपरण्यातला गृहस्थ सीटवर बसला आहे, घाबरला आहे, आणि मागून रामुअण्णा सीट धरून पळत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. सायकल विकायची तर आधी माणसाला पडण्याच्या भीतीतून बाहेर काढायला हवे, हे त्या दुकानदाराने ओळखले होते. आमच्या वडिलांनी आणि थोरल्या भावांनी आमच्यासाठी हेच केले, फक्त पंधरा रुपये घेतले नाहीत.

लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये मुंबईची नोकरी सोडली. बढती आपल्याला मिळायची ती दुसऱ्याला मिळाली, हे त्यांना सहन झाले नाही. बेळगावात आल्यावर कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांना वाटे, म्हणून नांगर बराच काळ पडून राहिले. नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी जागा हवी झाली, तेव्हा किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोडजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने काय घालवले यावर आपल्याकडे हळहळ व्यक्त करायची पद्धत आहे. आम्ही ती इथे करत नाही. सायकल मात्र मागे राहिली.

याच वर्षांची आणखी एक गंमत. किर्लोस्करांचे दुकान १८८८ चे, आणि त्याच वर्षी जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. हा मूळचा स्कॉटलंडच्या एअरशायरचा, ड्रेगहॉर्न गावचा, व्यवसाय बेलफास्टमध्ये. त्याच्या लहान मुलाची तिचाकी भरीव चाकांवर खडखडत असे, म्हणून बापाने रबरी नळीत हवा भरून चाकांना बसवली. रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने चाळीस वर्षांपूर्वी हीच कल्पना काढली होती, पण ती वाया गेली, कारण तेव्हा ती वापरायला सायकलच नव्हती. म्हणजे ज्या टायरवर पुढे सगळे जग बसले, तो एका पोराला त्रास होऊ नये म्हणून झाला. आपल्या रस्त्यांचा विचार आज कोणी या टोकाकडून करत नाही.

मधली पन्नास वर्षे आम्ही भराभर सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच आहेत. साहेबाची सायकल मास्तरांकडे आली, मास्तरांकडून पोस्टमनकडे, मग गवळ्याकडे. स्वातंत्र्यानंतर देशातच कारखाने निघाले: मद्रासेत १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलस, लुधियानात १९५६ मध्ये हीरो. काळी, उंच, आडव्या दांड्याची सायकल घराघरांत आली. पिरनवाडी, मच्छे, नावगे, किणये या गावांतून पहाटे दुधाच्या किटल्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन सायकली शहराकडे निघत. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि वर्कशॉपे झाली, तेव्हा पाळी बदलायच्या वेळी खानापूर रस्ता सायकलींनी काळा होई. हॉर्नपेक्षा घंट्यांचा आवाज मोठा, असा तो रस्ता आम्ही पाहिला आहे.

ज्यांच्या घरी सायकल नव्हती त्यांच्यासाठी भाड्याचे दुकान होते. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, वहीत नाव आणि वेळ, ओळखीचा माणूस असल्याशिवाय सायकल मिळत नसे. तासाच्या वर पाच मिनिटे झाली तरी दुकानदार घड्याळ दाखवी. आमचे पाय सीटवरून पेडलला पोचत नसत, म्हणून एक पाय दांड्याखालून पलीकडे घालून, कंबर वाकडी करून अर्धे पेडल मारत जायचे. त्याला कैची म्हणत. गुडघे फुटले नाहीत असा एकही जण आमच्यात नाही. रात्री दिवा नसेल, किंवा पुढे एक आणि कॅरिअरवर एक अशी स्वारी असेल, तर पोलीस चाकातली हवा सोडी. तो दंड पैशांच्या दंडापेक्षा वाईट, कारण पंप असलेले दुकान नेमके बंद असे.

या सगळ्यात घरच्या बायका कुठे होत्या, हे विचारायला हवे. त्या कॅरिअरवर होत्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल आणि हातात पिशवी. आमच्या एका मावशींनी लग्नाआधी लेडीज सायकल शिकून घेतली होती. सासरी आल्यावर ती माहेरीच राहिली. "मला आणलीच नाही कोणी," एवढेच त्या म्हणत.

मार्गशीर्षातल्या एखाद्या रविवारी चार-सहा घरांनी मिळून सायकलने राजहंसगडावर जायचे, ही रीत कधी सुरू झाली हे आता नक्की सांगता येत नाही. सुगी झालेली असे, धुके असे, ऊस तोडीला आलेला. मच्छे गाठायचे, तिथून देसूरच्या अंगाने गडाच्या पायथ्याला. देसूर स्टेशनवर एखादी गाडी जाईपर्यंत पोरे हटत नसत. गडाचा शेवटचा चढ सायकल हाताने ढकलत चढायचा. वर सिद्धेश्वराचे देऊळ, तट, विहीर, आणि खाली चहूकडे भाताची खाचरे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि शेकोटीत भाजलेली रताळी. उतरताना येळ्ळूरवरून. चांगळेश्वरीच्या देवळात टेकायचे आणि सपाट रस्त्याने परत. थोरले पुढे धावत नसत. सगळ्यांत धाकटे पोर ज्या चालीने जाई, ती सगळ्यांची चाल. आज विचार केला तर सबंध बेत त्या एका नियमावर उभा होता आणि तो कोणी कधी बोलून दाखवला नव्हता.

ही रीत मोडली त्याचे कारण आम्ही बरीच वर्षे बोललो नाही. एका वर्षी परत येताना फाट्याच्या अलीकडे एक मालट्रक आमच्या रांगेला इतका चाटून गेला, की त्याच्या वाऱ्यानेच एक मुलगा कडेच्या चरात फेकला गेला. मनगट मोडले, कपाळाला टाके पडले. जिवावर बेतले होते ते तेवढ्यावर निभावले. ट्रक थांबला नाही. मुलाच्या मागची सायकल वडिलांची होती. आपण त्याला आतल्या बाजूला का घेतले नाही, हे त्यांच्या मनातून गेले नाही. पुढच्या मार्गशीर्षात कोणी विषय काढला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सायकली माळ्यावर गेल्या, स्कूटरी आल्या, पोरांना शाळेत सोडायला आणि आणायला आई-बाप जाऊ लागले. तो पडलेला मुलगा आज पुण्यात नोकरी करतो. तुळशीपाशी सायकल उभी करून प्रश्न विचारणारा नातू त्याचाच, आणि हात खाली घेणारे आजोबा म्हणजे त्या दिवशी मागच्या सायकलवर असलेले वडील.

रस्ता तेव्हापेक्षा आता कितीतरी रुंद आहे. जुना ४ ए महामार्ग आता ७४८ झाला, खानापूरकडे चौपदरी झाला, गणेबैलला टोलनाका बसला. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि मच्छेच्या बाजूला त्याचा मोठा परिसर उभा राहिला. त्यापाठोपाठ वस्ती वाढली. हलगा–मच्छे बायपासवरून काळ्या जमिनीचे शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टकचेरी करत आले आहेत. ज्या बांधाबांधांवरून आम्ही येळ्ळूरहून घरी यायचो, त्याच पट्ट्याचा हा प्रश्न. पिकाऊ जमिनीचा प्रश्न मोठा आहे, त्यापुढे आमच्या सायकलीचे काय, असे कोणी म्हणेल. पण बांधावरची वाट तुटली की शेतकऱ्याच्या पोराची शाळेची सायकलही तुटते, हे आम्ही इथे राहून पाहतो.

आता जरा दूर जाऊ. आमच्यापैकी एका घरची लेक ग्लासगोला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जण तिच्याकडे गेलो, तेव्हा ती एका रविवारी लार्ग्ज नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी घेऊन गेली. तिथून दहा मिनिटांत बोट ग्रेट कुंब्रे नावाच्या बेटाला लागते. बेटाभोवती समुद्राला लागून एकच रस्ता आहे, दहा मैलांचा, म्हणजे सोळा किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा सपाट. मिलपोर्ट या तिथल्या एकुलत्या एका गावात सायकली भाड्याने मिळतात: लहान मुलांच्या, दोघांनी मिळून चालवायच्या, मागे पोराची गाडी जोडलेल्या. भाड्याचे दुकान पाहून आमच्यातल्या एकाला गहिवरून आले. नंबर मात्र रंगवलेले नव्हते. आजी-आजोबा, आई-बाप, तीन वर्षांचे पोर, सगळे निघालेले. किनाऱ्यावर मगरीसारखा दिसणारा एक खडक आहे, शंभरेक वर्षे लोक त्याला डोळे आणि दात रंगवत आले आहेत. तिथे मुले थांबतात, पुन्हा निघतात. समुद्रापलीकडे दिसतो तो एअरशायरचा किनारा, डनलॉपचा मुलूख.

तिथे आमच्या लक्षात आले की बेटाचे सौंदर्य हा भाग वेगळा. लोक पोरांना निर्धास्त सोडतात त्याची कारणे अगदी साधी आहेत. वाट एकच, त्यामुळे चुकायची सोय नाही. मोटारी थोड्या. दमले तर थांबायला दर मैलाला काहीतरी आहे. आणि जिथून निघालो तिथेच परत येतो, त्यामुळे "अजून किती राहिले" याचे उत्तर आईला देता येते. परतीच्या बोटीत लेक म्हणाली, "बाबा, आपल्याकडे समुद्र नाही, पण येळ्ळूरचा रस्ता आहे ना?"

आहे. पण तो पूर्वीसारखा धरता येत नाही, बेत नव्याने करावा लागतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी रविवारी रविवारी सगळ्या वाटा फिरून पाहिल्या. वय वर्षे साठच्या पुढची ही तीन माणसे सायकली काढतात म्हटल्यावर गावात चेष्टा झाली, ती रास्तच. जे हाती लागले ते असे.

फाटा आणि महामार्ग मुलांनी सायकलवर ओलांडायचा नाही. सायकली टेंपोत घालून मच्छेच्या पुढे, गावातल्या रस्त्याला लागेपर्यंत न्यायच्या. यात कमीपणा वाटू देऊ नये. कुंब्रेला जाताना लोक सायकल बोटीत घालतातच की. तिथून देसूर, राजहंसगड, येळ्ळूर आणि परत टेंपोपाशी, असा फेरा. सकाळी उजाडताना निघाले तर लहान मुलांच्या चालीने, थांबत थांबत, दुपारच्या जेवणाला घरी येता येते. गडाचा चढ ज्यांना नको त्यांनी पायथ्याला बसावे; वर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा २०२३ मध्ये उभा राहिल्यापासून सुट्टीच्या दिवशी मोटारींची गर्दी असते, म्हणून नऊच्या आत वर जाऊन उतरावे. ट्रॅक्टर-ट्रॉली उसाने भरलेली असेल तर तिच्या मागे राहावे, बाजूने काढू नये. कुत्री येळ्ळूरच्या बाजूला आहेत. उतरून चालू लागले की ती आपोआप कंटाळतात.

किणयेच्या धरणाकडे जायची आमची फार इच्छा होती. पाणी, झाडी, गारवा सगळे आहे. पण जांबोटी रस्त्याला गोव्याच्या गाड्या धावतात आणि वळणांवर कडेला जागा नाही. तो बेत आम्ही मोठ्यांपुरता ठेवला आहे. कणकुंबीचे नावच काढू नये.

अगदी लहान मुलांसाठी उलटी दिशा बरी. रविवारी सकाळी सात वाजता टिळकवाडीत रहदारी नसते. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून सुरुवात करावी, मग काँग्रेस विहीर. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनासाठी ती खोदली. गांधीजी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे ते एकच अधिवेशन, आणि ते उभे करण्यात गंगाधरराव देशपांड्यांनी जिवाचे रान केले. तिथून किर्लोस्कर रोडवर एकदा थांबावे, आणि कुणीतरी पोरांना रामुअण्णांच्या पंधरा रुपयांची गोष्ट सांगावी. शेवटी किल्ला: १२०४ मधली कमल बस्ती, छतातले दगडी कमळ, आणि १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद ज्या घरी राहिले त्या जागी झालेला आश्रम. किल्ल्याच्या आतले रस्ते शांत आहेत, तिथे नवशिक्याने पडायलाही हरकत नाही. परतताना कुंदा घ्यावा, नाहीतर पोरे पुढच्या वेळी येत नाहीत.

सायकलीचेही थोडे. माळ्यावरची जुनी काढणार असाल तर टायर पहिल्यांदा बदला. वरून चांगले दिसले तरी बाजूने चिरलेले असते. ब्रेकची रबरे, चेन, चाकातले छर्रे पाहून घ्या. मुलाची सायकल "वाढत्या अंगाची" घेऊ नका. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. कैचीचे दिवस आम्हाला गोड वाटतात ते आठवणीत.

गेल्या डिसेंबरात आम्ही हा येळ्ळूरचा फेरा एकदा करून पाहिला. नऊ घरे, सत्तावीस माणसे, त्यांत अकरा मुले. पुण्याहून तो नातू आला, आणि त्याचे वडीलही. वडिलांनी वीस-पंचवीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. आजोबा म्हणाले, मी टेंपोत बसतो. मच्छेच्या पुढे सायकली उतरवल्या तेव्हा ते खाली उतरले, मुलाच्या सायकलची सीट धरून दहा पावले चालले आणि मग सोडली. मुलगा पंचेचाळिशीचा आहे. तो काही बोलला नाही, आम्हीही पुढे बघत राहिलो. ज्या मावशींची सायकल माहेरी राहिली होती, त्या पंचाहत्तरीच्या, टेंपोत पुढे बसून सगळ्यांना नावाने हाका मारत होत्या.

यंदा मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी पुन्हा जायचे ठरले आहे. पहाटे सहा वाजता पिरनवाडीत जमायचे, टेंपो सव्वासहाला हलेल. पंप, पंक्चरचे सामान आणि रताळी मंडळाकडून. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी आठ दिवस आधी सांगावे. शहरातल्या दोन घरांनी मिळून पाच सायकली दिल्या आहेत, त्यांतली एक लेडीज आहे आणि तिची सीट आम्ही मावशींच्या मापाने खाली करून ठेवली आहे.